यिर्मयाचे पत्र नेमके कुणाला?

नव्या वर्षाचे कॅलेंडर ख्रिस्ती घरात येते तेव्हा त्यावर बहुधा एखादे वचन छापलेले असते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत तर ‘वर्षाचे वचन’ ठरवण्याची पद्धतच आहे. या निवडीत यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले 11वे वचन भलतेच लोकप्रिय. मोबाइलच्या कव्हरवर, लग्नाच्या भेटकार्डावर, दहावीच्या निकालाच्या शुभेच्छांत ते हमखास भेटते. तुमच्यासाठी माझ्या मनात भल्याचे बेत आहेत, असा त्याचा आशय. वाचून कुणालाही धीर यावा असेच ते आहे.

आता ते वचन जिथे आहे तिथे जाऊन पाहू. इ.स.पू. 597मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि तिथला राजा, राजमाता, सरदार, सुतार-लोहार असे कामाचे लोक बाबेलला नेले. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने या बंदिवानांना एक पत्र धाडले. 29वा अध्याय म्हणजे मुख्यतः ते पत्र. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सर्वांदेखत जाहीर करतो, की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया म्हणतो, दोन नव्हे, सत्तर. तेव्हा तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला धरून नेले त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षांचा हिशेब मांडला, तर पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कुणीच परतीची वाट चालणार नव्हते. देवाचे बेत भल्याचेच होते, पण ते फळाला यायचे होते नातवंडांच्या काळात. लवकरच सगळे सुरळीत होईल असे म्हणणारा हनन्या खोटा ठरला. कॅलेंडरवर आपण वचन छापतो यिर्मयाचे आणि वाचतो मात्र हनन्याचे असल्यासारखे.

मग ते वचन आजच्या वाचकाचे नाहीच का? ख्रिस्ती परंपरा म्हणते, आहे. पण ते त्याच्यापर्यंत वाटेने येते. त्या वाटेवर आधी बंदिवास लागतो, मग इराणचा राजा कोरेश याच्या हुकमाने झालेले परतणे. त्याच यिर्मयाने 31व्या अध्यायात सांगितलेला नवा करार लागतो. वल्हांडणाच्या रात्री प्याला हातात घेऊन येशूने तो करार स्वतःच्या रक्ताशी जोडला तो प्रसंग लागतो. आणि त्या प्याल्याभोवती जमलेली मंडळी सगळ्यांत शेवटी. कुठलेही वचन हाती आले की आधी त्याची ही वाट शोधायची, या अभ्यासाला बिब्लिकल थिऑलॉजी किंवा बायबलचे ईश्वरविज्ञान म्हणतात.

सगळेच ख्रिस्ती ईश्वरविज्ञान बायबलमधून निघाल्याचा दावा करते. मग हे वेगळे ते काय? फरक मांडणीचा आहे. सिस्टिमॅटिक थिऑलॉजी विषयवार चालते: देव म्हणजे कोण, पाप म्हणजे काय, तारण कसे होते, आणि प्रत्येक प्रश्नाला सगळ्या बायबलमधून गोळा केलेले उत्तर. बिब्लिकल थिऑलॉजी काळाच्या ओघात चालते. अब्राहामाला किती ठाऊक होते, मोशेच्या वेळी त्यात काय भर पडली, दावीदाच्या घराण्याला काय वचन मिळाले, बंदिवासात त्यातले काय मोडले आणि येशूमध्ये ते कोणत्या अनपेक्षित रीतीने जुळले, हे ती पाहते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73. ती हजारभर वर्षांत, तीन भाषांत आणि अगदी वेगवेगळ्या परिस्थितींत लिहिली गेली. तरी त्यांत मिळून एक कथा उलगडते, अशी या अभ्यासाची धारणा आहे.

विद्यापीठी शाखा म्हणून बिब्लिकल थिऑलॉजीचा जन्म 30 मार्च 1787चा धरतात. त्या दिवशी योहान फिलिप गाब्लर या प्राध्यापकाने जर्मनीतल्या आल्टडॉर्फ विद्यापीठात पदग्रहणाचे व्याख्यान दिले. बायबलच्या लेखकांनी त्यांच्या काळात काय म्हटले, हे चर्चच्या सिद्धांतांपासून वेगळे ठेवून आधी तपासा, असा त्याचा आग्रह होता. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या सेमिनरीत गेरहार्डस व्हॉस हा डच वंशाचा अभ्यासक या विषयाच्या अध्यासनावर बसला. त्याने याच पद्धतीला श्रद्धेच्या बाजूने वळवले. देवाने स्वतःला एकदम नव्हे, इतिहासात टप्प्याटप्प्याने प्रकट केले, ही त्याची मांडणी आजही अनेक पाळकांच्या शिक्षणाचा पाया आहे.

पण मला यातले खरे प्रकरण वाटते ते 1930च्या दशकातले. 13 नोव्हेंबर 1933 रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये नाझीधार्जिण्या ‘जर्मन ख्रिश्चन्स’ गटाची प्रचंड सभा झाली. राइनहोल्ड क्राउझे या त्यांच्या पुढाऱ्याने तिथे उघड मागणी केली, की जुना करार हे यहुद्यांचे पुस्तक आहे, ते चर्चमधून काढून टाका. कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या शिक्षकाने हेच सुचवले होते आणि रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले होते. बर्लिनमध्ये मात्र मागणी करणारा गट सत्तेच्या जवळचा होता. अशा काळात येना विद्यापीठात गेरहार्ड फॉन राड हा तरुण अभ्यासक जुना करार शिकवत होता. तिथले ईश्वरविज्ञानाचे बहुतेक प्राध्यापक नाझींच्या कह्यात गेलेले. 1938मध्ये त्याने एक प्रबंध छापला. विषय वरवर पाहता कोरडा: जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26व्या अध्यायातला एक छोटा परिच्छेद.

हा परिच्छेद जवळून पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्याने हंगामातले प्रथमफळ टोपलीत घालून देवाच्या वेदीपुढे आणायचे. याजक टोपली घेतो. मग शेतकऱ्याने मोठ्याने काही म्हणायचे असते. देव सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे, असले काही नव्हे. तो आपल्या घराण्याची हकीकत सांगतो. माझा पूर्वज भटका अरामी होता. थोड्या माणसांनिशी मिसरात गेला. तिथे आम्हाला छळले, राबवले. आम्ही आक्रोश केला, देवाने तो ऐकला, आम्हाला बाहेर काढले, हा देश दिला. आणि म्हणून हे बघ, या जमिनीचे पहिले पीक. फॉन राडचे म्हणणे असे, की इस्राएलच्या श्रद्धेचा गाभा इथे आहे आणि उत्पत्तीपासून यहोशवापर्यंतची सहा पुस्तके याच बीजातून वाढली. बीजाचा त्याचा सिद्धांत पुढे बऱ्याच विद्वानांनी खोडून काढला. तो परिच्छेद फॉन राड मानत होता तितका जुना नसावा असे त्यांचे मत पडले. पण इस्राएल आपला देव गोष्ट सांगून ओळखतो, हे त्याचे निरीक्षण टिकले.

हाच अध्याय पुढे भारतात एका मराठी माणसाच्या हाती लागला. अरविंद निर्मळ मूळचे महाराष्ट्रातले. बंगळूर आणि मद्रास इथे त्यांनी ईश्वरविज्ञान शिकवले. 1980च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करताना त्यांनी अनुवादातली ही कबुली दलित ख्रिस्ती माणसाची कबुली म्हणून वाचली. आपले पूर्वज कोण होते, त्यांना गावाबाहेर कसे ठेवले गेले, त्यांच्या वाट्याला काय आले, ते आठवल्याशिवाय आपल्याला तारण म्हणजे काय हे कळणार नाही, असे त्यांचे सांगणे. भारतातले ख्रिस्ती ईश्वरविज्ञान तोवर बरेचसे ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद करण्यात गुंतले होते. महाराष्ट्रातल्या ज्या मंडळ्यांत बाके बहुतांशी महार-मांग समाजातून आलेल्या कुटुंबांनी भरतात, त्यांच्याशी त्या संवादाचा संबंध बेताचाच. निर्मळांनी त्या बाकांवरून बायबल वाचले.

या वाचनालाही उत्तर आले आहे, आणि ते टाळू नये. अमेरिकेतल्या ओसेज आदिवासी समाजाचे रॉबर्ट वॉरियर यांनी 1989मध्ये विचारले, की मिसरातून सुटलेल्यांना ‘हा देश’ मिळाला खरा, पण तिथे आधीपासून राहणाऱ्या कनानी लोकांचे काय? ज्यांची जमीन गेली त्यांनी ही गोष्ट कुठल्या बाजूने वाचायची? बायबलची कथा सलग वाचायची म्हटले की असे प्रश्न वगळता येत नाहीत. सुटी वचने वाचणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही.

आपल्याकडे ग्रामीण मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. लोक ज्वारीची कणसे, भोपळे, कांदे, अंडी, कधी जिवंत कोंबडी वेदीसमोर आणून ठेवतात. उपासना संपली की त्या वस्तूंचा लिलाव होतो. भोपळ्याला बाजारभावाच्या पाचपट बोली लागते, हशा पिकतो आणि मंडळीच्या निधीत भर पडते. प्रथमफळांची ही परंपरा थेट अनुवाद 26पर्यंत पोचते. टोपली आली, पीक आले, पैसाही आला. टोपलीबरोबर सांगायची ती हकीकत मात्र बहुतेक ठिकाणी गळून पडली. त्याच अध्यायात पुढे लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना त्या पिकातून पोटभर मिळावे अशी तरतूद आहे. लिलावाच्या गडबडीत तीही राहते. सण करणाऱ्या प्रत्येक मंडळीने निदान एका म्हाताऱ्या माणसाला उभे करून, आपण इथवर कसे आलो, हे पाच मिनिटे सांगायला लावावे, असे मला वाटते. ते कुठल्याही प्रवचनापेक्षा अधिक बायबलला धरून होईल.

मंदिराचा धागा घ्या. कथा सलग वाचल्यावर काय हाती लागते ते त्यात चांगले दिसते. उत्पत्तीत एदेन बागेतून माणूस बाहेर पडतो आणि बागेच्या पूर्वेला करूब नावाचे स्वर्गीय जीव पहाऱ्यावर बसतात. निर्गमात रानात निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभा राहतो. त्याचे तोंड पूर्वेला आणि आतल्या पडद्यावर करूब विणलेले. शलमोनाच्या मंदिरात भिंतींवर करूब, खजुरीची झाडे आणि उमललेली फुले कोरलेली. बांधणारे हरवलेली बाग पुन्हा दगडालाकडात घडवत होते. आत परमपवित्रस्थान: वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच. पण मंदिराच्या अर्पणाच्या दिवशीच शलमोन प्रार्थनेत कबूल करतो, की आकाशातही न मावणारा देव या घरात काय मावणार! पुढे यहेज्केलाला दृष्टान्त होतो, त्यात देवाचे तेज मंदिर सोडून पूर्वेच्या डोंगराकडे निघून जाते. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलची फौज ती इमारत जाळते. परतलेले लोक दुसऱ्या मंदिराचा पाया घालतात तेव्हा तरुण जल्लोष करतात आणि पहिले मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडतात. दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनात, असे एज्राचे पुस्तक सांगते.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू याच दुसऱ्या मंदिराच्या आवारात म्हणतो, की हे मोडा, मी तीन दिवसांत उभारीन. आणि योहान लगेच सांगतो, की तो आपल्या शरीराविषयी बोलत होता. येशू मरतो तेव्हा मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. इ.स. 70मध्ये रोमन फौज ते मंदिरही पाडते. त्याआधीच पौल करिंथच्या मंडळीला लिहून चुकला होता, की देवाचे मंदिर तुम्ही सगळे मिळून आहात. ज्यांना लिहिले ते आपसांत भांडणारे, कोर्टकज्जे करणारे, प्रभुभोजनात गरिबांना उपाशी ठेवणारे लोक होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाक्याचे वजन कळते. आणि अगदी शेवटी प्रकटीकरणात नवी नगरी उतरते, तिच्यात मंदिर नाही. तिची लांबी, रुंदी आणि उंची सारखी आहे. वीस हातांची ती खोली आता अख्ख्या नगरीएवढी झाली.

हा धागा एकदा हाताला लागला की चर्चच्या व्यवहाराकडे पाहण्याची नजर बदलते. चर्चच्या इमारतीला ‘देवाचे घर’ म्हणायला हरकत नाही, चपला बाहेर काढायलाही नाही. आदर दाखवण्याची आपली ती रीत आहे. पण देणग्या मागताना शलमोनाच्या मंदिराचा दाखला देऊन ग्रॅनाइटची फरशी आणि वातानुकूलन यांचे समर्थन होते, तेव्हा वक्ता कथेत हजार वर्षे मागे जाऊन उभा असतो. नव्या कराराच्या हिशेबात फरशीपेक्षा, बाकावर कोण बसले आहे आणि कोण बसायला आलेच नाही, हा मंदिराचा प्रश्न ठरतो.

उपासनेच्या रचनेत हे सलग वाचन खरे तर आधीच गुंफलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969मध्ये कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आणले: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि वर्षाच्या बहुतेक रविवारी त्या शुभवर्तमानाला जोडून जुन्या करारातले पहिले वाचन. याच धर्तीवरचा तक्ता 1992मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक प्रोटेस्टंट चर्चेसनी तो स्वीकारला. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण-उपासनेत तर जुन्या करारातली सात वाचने असतात. सोयीसाठी ती कमी करायची मुभा आहे, पण निर्गम 14, म्हणजे समुद्र पार करण्याचे वाचन, गाळता येत नाही. त्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्याला आपण कुठल्या पाण्यातून पार होत आहोत हे कळायला हवे म्हणून. प्रत्यक्षात काय होते? पहिले वाचन कुणीतरी घाईघाईने वाचतो, नावे अडखळतात, आणि प्रवचन शुभवर्तमानावर सुरू होते. दोन वाचने शेजारी का ठेवली, याचा उल्लेखही होत नाही.

गंमत अशी, की मराठीला हे काम नवे नाही. 1579मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616मध्ये राचोल इथे रोमन लिपीत छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांचे जुने पुराणग्रंथ बंद झाले होते. त्या पोकळीत त्यांनी हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ दिला. स्टीफन्स थेट बेथलेहेमपासून सुरुवात करू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. सृष्टीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत आधी अख्खे ‘पहिले पुराण’ आणि मग येशूचे ‘दुसरे पुराण’. आधीची कथा ऐकल्याशिवाय नंतरची कळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. गोव्यात आणि पुढे मंगळूरकडेही ते पिढ्यानपिढ्या गायले-वाचले गेले. आजच्या पुष्कळ प्रवचनांत तेवढाही धीर उरलेला नाही.

या पद्धतीचा अतिरेकही होतो. निवासमंडपाच्या प्रत्येक खुंटीत आणि कडीत ख्रिस्त दाखवणारी व्याख्याने मी ऐकली आहेत. त्यांत हुशारी पुष्कळ, पण मूळ मजकुराला बोलू देण्याची तयारी नाही. यहोशवाच्या पुस्तकातल्या राहाबेच्या खिडकीतली तांबडी दोरी म्हणजे येशूचे रक्त, हे पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या क्लेमेंटने लिहिले. तेव्हापासून हा मोह आहेच. दुसरी अडचण अशी, की नीतिसूत्रे, उपदेशक, गीतरत्न ही पुस्तके करार-बंदिवास-परतणे या कथेत नीट बसत नाहीत. त्यांना ओढूनताणून बसवण्यापेक्षा ती बाजूला उभी राहून काही वेगळे सांगतात, असे मान्य करणे बरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे: जुना करार ही ज्यांची मूळ संपत्ती, त्यांचे वाचन वेगळे आहे. आज छापल्या जाणाऱ्या हिब्रू बायबलच्या प्रचलित क्रमात शेवटचे पुस्तक इतिहास आहे. ते कोरेशाच्या हुकमावर, यरुशलेमला परत जाण्याच्या हाकेवर संपते. ख्रिस्ती क्रमात शेवटी मलाखी येतो आणि एलीयाच्या येण्याची वाट पाहत जुना करार थांबतो. प्रोटेस्टंट बायबलपुरते बोलायचे तर पुस्तके तीच, पण क्रम बदलला की कथेचे तोंड फिरते. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाला हे शास्त्र कुठल्या पुढच्या भागाची प्रस्तावना वाटत नाही. ख्रिस्ती वाचकाने आपली कथा खुशाल ठामपणे सांगावी, पण दुसऱ्याच्या घरात आपण पाहुणे म्हणून शिरलो हे विसरू नये. विसरल्याचे परिणाम बर्लिनने पाहिले आहेत.

सुरुवात कुठून करावी, असे कुणी विचारेल. उत्पत्तीपासून रोज एक अध्याय, हा संकल्प बहुतेकांचा लेवीय पुस्तकात मोडतो. त्यापेक्षा आधी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 7 वाचा. स्तेफन मरणाच्या दारात उभा राहून अब्राहामापासून शलमोनापर्यंतची सगळी कथा तिथे सांगतो. पंधरा मिनिटांत वाचून होते. मग त्यात आलेले एकेक नाव धरून मागे जा. आणि पाळक असाल, तर पुढच्या रविवारी पहिल्या वाचनावर प्रवचन करा.